घरी आलेलं मत

आई, काल माझ्या सासूबाईंचं मत घ्यायला माणसं घरी आली. साहेब, पोलीस, कॅमेरावाला, पुठ्ठ्याचा आडोसा, सगळा लवाजमा. पाली गावातली आमची गल्ली ही एवढीशी, गाड्या बाहेर लावून सगळे चालत आले आणि बघायला दारोदारी माणसं उभी. सासूबाई नवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून खुर्चीत बसलेल्या, जणू त्यांचंच लग्न आहे. माझं मेलीचं पोट दुखत होतं.

मतदार यादीत त्यांचं वय कमी लागलेलं, ते सुधारायला हेलपाटे मी घातले. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांना घरून मत देता येतं, हे यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाईंकडून मीच ऐकून आले, त्याचा फॉर्मही मीच भरला. भरताना सारखी तू दिसत होतीस. तुझे पाय गेले तेव्हा ही सोय नव्हती. रिक्षाने नेते म्हटलं तर म्हणालीस, शाळेच्या पायऱ्या काय रिक्षा चढणार हाय? मग दिवसभर ओट्यावर बसून मत देऊन परतणाऱ्या बायकांची बोटं बघत राहिलीस. जेवलीसुद्धा नाहीस. आणि इथे सरकार चालत दारात येतंय, तर आमच्या सासूबाई मला सांगतायत, साहेबांना घाम आलाय, पंखा वाढव.

सासूबाईंना मोतीबिंदू, हातही थरथरतो. साहेब म्हणाले, खूण करायला घरचं एक माणूस सोबत चालेल. थोरले दीर पुढे सरकले, नणंदही उठली. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलंच नाही.

"माझी सून बसंल," म्हणाल्या.

कोणाला सांगणार नाही, अशी माझी सही घेतली. आडोशामागे सासूबाईंनी माझं डोकं खाली ओढलं, कानात नाव सांगितलं. "पोरांना बोलू नको हां. त्यांच्या बापालाबी कधी सांगितलं न्हाय." मी खूण केली, कागद पाकिटात घालून चिकटवला, आणि बाहेर येताना डोळे भरून आले तर कॅमेरावाल्याला वाटलं, म्हातारीचं कौतुक.

कसलं कौतुक! दर निवडणुकीला मी तुझ्या मागे लागायचे, कोणाला दिलंस गं, सांग ना. तू पदर खोचून म्हणायचीस, "मत म्हंजे काय टोपलीतली मासळी हाय, उघडून दाखवायला?" पोटची पोर मी, आणि मला तुझं एकही मत माहीत नाही. जिच्याशी मी रोज कालवणातल्या मिठावरून भांडते, तिचं मात्र माहीत आहे. सांग, जळू नको तर काय करू?

तू गेलीस तिथे पत्र पोचत नाही, ते मला कळतं. त्यांनी मलाच बसवलं, याचा मला आनंद झालाय, आई. तो तुला जरा झोंबावा, म्हणूनच लिहायला बसले.