आवाज जाण्याआधी

ता. ३ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत उभ्याउभ्याच वाचलं. बाबांच्या घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार, हे दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना. जिवाला धोका नाही म्हणतात ना, मग त्यातच समाधान मानायचं. जन्मभर बसवर कंडक्टर असलेला माणूस! मागच्या दारातून पुढे सरका म्हणाले की ड्रायव्हरसुद्धा सरकून बसायचा.

इकडे थंडी सरली. शिपाईमामा मैदान झाडतात आणि पहिली घंटा होईतो पानांचा तेवढाच ढीग पुन्हा. शाळेतला माझा शेवटचा महिना. माझ्या जागी येणाऱ्या बाई वर्ग बघून गेल्या. अगदी पोरगेली आहे, पण मुलांनी तिला लगेच डोक्यावर घेतलं. मला उगाचच राग आला.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर मी निवृत्त होऊन कायमचीच तिकडे येते. मला उन्हाची खोली ठेव.

माया आहेच, ती उतू जाऊ दे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

महिनाअखेरची वाट बघू नकोस गं. डॉक्टरांनी घशाला आराम द्यायला सांगितला, तर बाबा म्हणाले, पुढे आरामच आराम आहे. दिवसभर बोलतात. दूधवाल्याला इतकं धरून ठेवतात की तो बिचारा हल्ली बाटली ठेवून पळ काढतो.

दार वाजलं की, मोठी आली का म्हणून विचारतात. तिला काही सांगायचंय का म्हटलं, तर म्हणाले, सांगायचं काय असतं, नुसतं बोलायचंय. संध्याकाळी तर आवाज फुटतच नाही त्यांचा.

चार दिवस येऊन जा. शाळा तुझ्यावाचून ओस पडणार नाही. धाकटीने मोठीला शहाणपण शिकवू नये, कळतं मला. निदान शेजारच्या काकूंकडे फोन तरी कर. नंबर मागे लिहिला आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी छोटी

ता. १५ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

रागावले नाही. पण जमायचं नाही. वर्गातली एक मुलगी वर्षभर अक्षरांशी झगडून आता कुठे ओळ वाचायला लागली आहे. तिला अर्धवट सोडून यायचं जिवावर येतं. परीक्षा तोंडावर आहे, मुख्याध्यापक रजा द्यायचे नाहीत.

काल कचेरीतून फोन केला होता. बाबांचा आवाज फाटक्या कागदासारखा येत होता, पण रंगात होते. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांच्याच बसमध्ये चढले आणि त्यांनी माझंही तिकीट फाडलं, ते सांगत होते. पुढे काय झालं ते सांगायला लागले, तेवढ्यात घंटा झाली. उरलेलं आल्यावर ऐकते, म्हटलं. तेही म्हणाले, जा, पोरं वाट बघत असतील. तू उगाच घाबरवतेस. अजून बोलतात की ते.

भेटीची ओढ आहेच.

तुझी ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी हे वाच, की बाबा बरे आहेत. रविवारी त्यांना श्वास घेता येईना. डॉक्टर थांबायला तयार होईनात. तुझ्या शाळेत फोन लावला, पण सुट्टी. कोणी उचलला नाही. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं. आता गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. आवाज गेला, ताई.

आदल्या संध्याकाळी, ऑक्सिजन लावल्यावर जरा दम आला तशी, त्यांनी दवाखान्यात खाटेवर बसून त्यांच्या बसचे सगळे थांबे पुकारले. वॉर्डभर लोक हसत उठून बसले. शेवटी म्हणाले, सामान बघून उतरा. मग मान फिरवून झोपले.

तुला बोल लावत नाही. ये.

तुझी छोटी

ता. २६ मार्च

चि. छोटीस अ. उ. आ.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. बाई, आधी का बोलला नाहीत, त्याच दिवशी सोडलं असतं, म्हणाले. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं गं. नाही म्हणतील, असं माझं मीच ठरवलं होतं. खरं तर हो म्हणतील, याचीच भीती होती.

त्या मुलीने आज नव्या बाईंना अख्खं पान वाचून दाखवलं. कुठे अडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बघायचं कारणच काय?

निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं. गाडीचं तिकीट मात्र एकतीस तारखेचंच मिळालं. तिकिटाची ती गोष्ट पुढे काय होती, तुला ठाऊक आहे का? मला ती कोणीही सांगितली तरी चालेल, असं म्हणणार होते. पण चालणार नाही.

तुझी ताई

ता. २८ मार्च

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

छोटीने तुझं पत्र दाखवलं. अक्षर वाकडं आहे. मास्तरीण म्हणून लाल शाई चालवू नकोस.

फोन ठेवलास तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? उरलेली गोष्ट मग शेजारणीलाच सांगितली. तिला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. सकाळी तुझ्यासाठी लिहायला बसलो. लिहून बघितली तर अगदीच किरकोळ दिसली. फाडून टाकली. ती बोलायचीच गोष्ट होती.

झालं ते झालं. पोरांना टाकून आली असतीस, तर तेही मला टोचलं असतं.

मी वॉर्डाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. तिथून बरीच माणसं ये-जा करतात. तू चुकून पुढे गेलीस तर मला हाक मारता येणार नाही. तेव्हा नीट बघत ये.

वाट बघणारा,
तुझा बाबा