सीलची तार

१३ जुलै, रवि.
कोइमतूरची पहिली शर्यत झाली. सुनील दुसरा. यांचा फोन दुपारी आला, मागे एवढा आवाज की निम्मं कळलंच नाही. मामंजींनी विचारलं, "पयला कोन मग?" म्हटलं, चेन्नईचा कुणीतरी. "त्याचा बाप गॅरेजवाला हाय का?" म्हणाले आणि पान लावत बसले.

गाडी बाहेरून रस्त्यावरच्या गाड्यांसारखीच, आतून सगळी पोकळ. मागची सीट काढली ती आता आपल्या गॅरेजात गिऱ्हाइकांना बसायला. गाडी पुण्याच्या शेठची, इंजिन यांच्या हातचं, चालवणार माझा दीर सुनील. अशा चार शर्यतींच्या गुणांवर देशात पहिला नंबर ठरतो. पहिला आला तर पुढच्या सालीही गाडी त्याचीच, पगारावर. नाही तर शेठकडे पैसेवाल्यांची पोरं रांगेत उभी आहेत. दुधाचा टँकर सुनीलने सोडला तो एवढ्या शब्दावर. मला कुणी विचारलं नाही. या घरात आले तेव्हा हा चौथीत होता.

१७ ऑगस्ट, रवि.
सुनील पहिला आला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, तरी दोघं हॉटेलात जेवले. असो.
हे फोनवर सगळ्यांना सांगत होते, "इंजिन जिंकलं." मागून सुनील ऐकू आला, "मग इंजिनालाच बसव सीटवर, दादा." हसले दोघं. मला ते हसणं बरं नाही वाटलं.

१४ सप्टें., रवि.
चेन्नई. पुन्हा पहिला. गुणांत आता सगळ्यांच्या पुढे. गाडी घरी आणणार. इंजिनाला मात्र शर्यतवाल्यांनी सील केलंय. बोल्टांतून बारीक तार ओवून तिला शिशाची गोळी दाबतात, गोळीवर नंबर. शेवटच्या शर्यतीपर्यंत आत कुणी हात घालायचा नाही. यांना तो अपमान वाटला.
उद्या अविधवा नवमी, सासूबाईंचं पान. मुलगे दोघंही तिकडे. मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्या ठेवतो."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
काय लिहू.
हे आणि सुनील सकाळीच पुण्याला टायर आणायला गेले. गॅरेजची पूजा मामंजीच करतात, गॅरेज काढल्यापासून. पाने, जॅक, हातोड्या सगळं रॉकेलनं पुसून मांडलं. पूजेच्या वस्तूवर मळ, गंज, जुना दोरा राहू द्यायचा नाही ही त्यांची रीत. मी झेंडूच्या माळा घेऊन गेले तेव्हा शर्यतीच्या गाडीचं बॉनेट उघडं, इंजिनाला हळदकुंकू, आणि नवा लाल नाडा. मला त्यातलं काय कळणार. नमस्कार करून आले.
संध्याकाळी सुनीलने बॉनेट उघडलं. "दादा, सील कुठंय?"
तेलकट तार म्हणून मामंजींनी पक्कडीने कापून टाकली होती. गोळी केराच्या सुपात सापडली, झेंडूच्या पाकळ्यांत.
मामंजी झोपलेत. त्यांना कुणीच काही बोललं नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
"शर्यतवाल्यांना फोन करून सांगून टाकू," सुनील म्हणाला.
"काय सांगशील? म्हाताऱ्यानं इंजिनाला कुंकू लावलं? इंग्रजीत सांगशील?"
"कुंकू अजून तसंच आहे. फोटो पाठवू."
"हसतील आणि काढून टाकतील. मी बसवतो तार."
मी म्हटलं, खरं सांगायला काय जातं. हे म्हणाले, "तू तुझा जप कर."
नवी तार ओवून तीच गोळी बसवली. मग कुंकू पुसलं. सणासुदीचं, फडक्यानं.
सोनं देताना सुनील यांच्या पाया पडला. तोंड दुसरीकडे.

१२ ऑक्टो., रवि.
शेवटची शर्यत. फोन सुनीलचा. "वहिनी, पहिला आलो. पण नंबर दिला नाही."
तपासणीत तार वेगळी निघाली. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. हे म्हणाले, कुणी हात लावला नाही, आणि सही करून दिली. सुनीलने होतं ते सगळं सांगितलं.
गॅरेजच्या हिशेबाची वही उघडली नाही आज. देवापुढेही नुसती बसले, शब्द आठवेनात.

१४ ऑक्टो., मंगळ.
हे टेम्पोने आले, सुनील एस.टी.ने. ताटं दोनदा वाढली.
शर्यतवाल्यांनी इंजिन तिथेच दोघांसमोर खोललं म्हणे. आत काही बदललेलं नाही. त्याच दिवशी सांगितलं असतं तर तपासून नवं सील लावलं असतं, एवढंच. आता प्रश्न इंजिनाचा राहिलाच नाही. दोघा भावांत खोटं कोण बोललं, तो आहे.
शुक्रवारी सकाळी शर्यतवाल्यांतले एक मराठी बोलणारे गृहस्थ मामंजींना फोन करणार. मामंजींनी "मी कापली" म्हटलं तर सुनीलच्या नंबराचा विचार होईल, आणि हे खोटे ठरून कायमचे बाहेर. "मी हात लावला नाही" किंवा "आठवत नाही" म्हटलं तर सुनील खोटा. वर्षही गेलं, गाडीही गेली.

१६ ऑक्टो., गुरु.
उपवास. हे स्वयंपाकघरात आले, बऱ्याच दिवसांनी.
"तुझं ऐकतात ते. एवढंच म्हणायचं, आठवत नाही."
"आणि सुनील?"
"सुनीलला टँकर आहे. मला काय आहे?"
पोळी करपली. ती माझ्या वाटणीला ठेवली.
सुनीलने माझ्याजवळ काही मागितलं नाही. दिवसभर समोर यायचंच टाळलं.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
पहाटे मामंजींना चहा दिला आणि सगळं सांगितलं. तारेपासून. कप रिकामा झाला तरी त्यांच्या हातातच.
"म्हंजी माझ्या पूजेनं झालं."
म्हटलं, नाही, पूजेनं नाही.
"मग कशानं?"
मी वर पाहिलं. दारात हे उभे होते.
"सूनबाई, दोन्ही माझीच हायेत. म्या काय सांगू?"
यांच्याकडे न बघता म्हटलं, "तुम्ही जे केलं ते."
"म्या पूजा केली."
"तेच सांगा."
हे चहा न घेता गॅरेज उघडायला गेले. सुनील माडीवर आहे, उठलाय, पण खाली येत नाही.
फोन मामंजींच्या हातात दिलाय. आवाज वाढवून दिला, त्यांना कमी ऐकू येतं. ते त्याच्याकडे बघत बसलेत.
इतका वेळ झाला, गॅरेजचं शटर वर गेल्याचा आवाज अजून आलेला नाही.