सिद्धम्माच्या पाण्याची व्यवस्था

मी, गुरुलिंग मलप्पा बिडवे, वय चौऱ्याहत्तर, राहणार रेणापूर, पूर्वी जिल्हा उस्मानाबाद, हल्ली नवा जिल्हा लातूर, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉक्टरचा दाखला जोडला आहे. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बायकोसारखाच म्हाताराही भ्रमिष्ट झाला होता. कोण म्हणेल तेही मला ठाऊक आहे.

१. पत्नी सिद्धम्मा हिला चार वर्षांपासून माणसे ओळखू येत नाहीत, लघवीचे भान राहत नाही. मुलगा नागनाथ तिच्या खोलीत नाकाला रुमाल लावून येतो. सबब राहते घर त्याला न देता सून शिवकांता हिला देतो. सिद्धम्मा हयात असेतो ते विकू नये. नागनाथ गोड बोलून सही मागेल, देऊ नये.

२. शिवकांतावर मी शक घेतला, हे कबूल करतो. दुपार टळली की ती सासूला पाणी देत नसे. टँकर आठ दिवसांनी येतो, धुणे वाचवायला ही म्हातारीला तहानेने मारते, असे मी तिच्या भावाला बोलावून तोंडावर सांगितले. ती उठून सासूचे अंथरूण बदलायला गेली. मग मी संध्याकाळच्या लिंगपूजेनंतर सिद्धम्माला पळीभर तीर्थाऐवजी तांब्याभर पाजू लागलो. तीर्थाला कोण अडवणार? रोज सकाळी अंथरूण भिजलेले निघे आणि मी सुनेलाच बोल लावी.

३. होळीच्या सुमारास ओलीने सिद्धम्माच्या पाठीला जखम झाली. नर्सबाई म्हणाल्या, सूनबाईंचेच बरोबर आहे. दुपारपर्यंत भरपूर पाणी, संध्याकाळी घोटभर, आणि दर दोन तासांनी मोरीत बसवायचे. तेव्हा मी तांब्याचे सांगून टाकले. शिवकांता म्हणाली, "मामा, मला ठावं होतं. माझ्या हातचं पाणी त्या थुकून देतात. तुमच्याच हातचं गिळतात. म्हणून गप बसले, धूत राहिले." मला फार लाज वाटली. तेव्हापासून सकाळचे पाणी मी पाजतो. जखम भरत आली आहे.

४. माझ्यामागे सिद्धम्मा पाणी कोणाच्या हातचे पिणार, याचा मला घोर आहे. माझे नाव ती विसरली, पण पटका दिसला की तोंड उघडते. म्हणून माझा पांढरा पटका व काळा कोट शिवकांतास देतो. कपाळी विभूती लावून, कोट घालून, पटका बांधून तिने सिद्धम्मापुढे बसावे. लोक हसतील. नागनाथ आधी हसेल. हसू द्यावे.

५. आम्हा लिंगायतांच्या रीतीने मला मातीत बसवून पुरताना डोके उघडेच ठेवावे. पटका घरी लागतो.

साक्षीदार: व्यंकटराव पाटील, लिंबाजी कांबळे. दोघांनी पूर्ण वाचूनच सह्या केल्या. मी समोर बसून होतो.

सही: गुरुलिंग मलप्पा बिडवे
रेणापूर, ४ मे १९८६