बर्फ तुटला तेव्हा

अलास्का, जहाजावरून
२१ जुलै

सौ. जमुनास,

आम्ही सगळे ठीक आहोत, हे आधी वाच. माझा गुडघा दुखत नाही. भात मिळतो, पण चिकट असतो.

आज हिमनदी पाहिली. आपल्या तलावाच्या पाळीहून कितीतरी उंच अशी निळसर बर्फाची भिंत समुद्रात उतरते. दुपारी मोठा आवाज झाला आणि तिचा एक कडा खाली कोसळला. मी "पाळ फुटली!" असे ओरडलो, नातीला उचलले आणि जिन्याने वर पळालो. मागे लोक टाळ्या वाजवत होते.

योगराज धावत आला. "बाबा, काऊन पळून राहिले? बर्फ होय ते." सगळे हसले. मीही हसलो.

निघताना आपल्या तलावाच्या पाळीला बोटभर भेग होती. आल्यावर पाहू, असे मी म्हणालो. ते चुकले. आपले घर पाळीखालीच आहे. भाऊजींना सांगून हे वाचताच माती ठोकून घे. तोवर वरच्या टोलीत, उंचावरच्या घरांत, लीलाबाईकडे निजायला जा. गायही ने.

जहाजावर फोन लागत नाही. बंदर आले की योगराज या कागदाचा फोटो पाठवेल.

तिकडे पाऊस किती आहे ते कळव. मला बरे वाटावे म्हणून कमी सांगू नकोस.

तुझा
यादोराव