दसऱ्याचं तेल

७ सप्टेंबर १९८६

गाडीची पहिली फुकट सर्व्हिस झाली. फुकट म्हणजे मजुरी फुकट. तेलाचे, फिल्टरचे पैसे मोजलेच. वर ठाण्यापर्यंतचं पेट्रोल, पोराची, विलासची, एक रजा आणि माझी कंबर. पुस्तकात गोल शिक्का मारून दिला. असे सगळे शिक्के वेळेवर पडले तर वर्षभरात मोडेल ते कंपनी भरून देणार. वि. नं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं. सगळं इंग्रजी. मला त्यातले शिक्के तेवढे कळतात.

गाडी माझ्या नावावर, कारण बुकिंगचा नंबर माझ्या नावानं लागला. हप्ते मात्र पोराच्या पगारातून. उभा जन्म दुसऱ्यांच्या लॉऱ्या घाटात चढवल्या-उतरवल्या, आता दारात आपली. सकाळी फडक्यानं पुसतो. विलासची आई म्हणाली, माझ्या पाठीवरनं कधी एवढ्या मायेनं हात फिरला नाही.

१९ सप्टेंबर

शिळफाट्याला याकूब मिस्त्रीकडे जाऊन आलो. गाडी नेली नव्हती, एस्टीनं गेलो. तेच त्याला लागलं. चहा सांगितला, पण तोंड दुसरीकडे. म्हणाला, सगळ्या खोपोलीनं गाडी बघितली, मला बॉनेटसुद्धा दावलं नाय. मी गॅरंटीचं सांगितलं, कंपनीशिवाय कोणी हात लावायचा नाही म्हणून. म्हणाला, "बरं हाय. आता आमचा हात बाटला."

हसून म्हणाला, पण हसू नव्हतं ते. ह्याच्या हातच्या ब्रेकांवर भरली लॉरी घेऊन इतकी वर्षं घाट उतरलो, म्हणून आज हे लिहायला आहे. परत येताना एस्टीत तेच डोक्यात.

दसरा

सकाळी विहारात वंदना. दुपारी याकूब आला. बोलावलं मीच होतं. घाटातल्या गाड्यांचा रिवाज आहे, दसऱ्याला गाडीचं तेल तिच्या मिस्त्रीनं आपल्या हातानं बदलायचं, मालकानं नारळ आणि टोपी द्यायची. माझ्या हातातली एकही लॉरी ह्याला चुकली नाही. दारातली आपलीच चुकवायची?

डबा फडक्यात गुंडाळून आणला होता. भरल्या गाडीला घालतात ते जाड तेल, सगळ्यात महाग. म्हणाला, "घाट चडायचा ना? कंपनीचं पाण्यावानी तेल काय कामाचं रं." त्यानं ओतलं, नरसाळं मी धरलं. टोपी लगेच घातली. लहान झाली, तरी काढली नाही.

वि. कडावला सासुरवाडीला. संध्याकाळी आला, हे ऐकलं आणि कपाटातलं पुस्तक काढून बघितलं. मग म्हणाला, दादा, निदान मला विचारायचं. मी म्हटलं, तेल ते तेल.

९ नोव्हेंबर

वाईट झालं. वि. सुनेला आणि नातीला घेऊन लोणावळ्याला निघाला होता. घाट अर्धा चढला नसेल, इंजिन खडखडायला लागलं आणि मग बंदच. दोरी बांधून गाडी खाली आणली. शिळफाट्यावरूनच आणली. याकूबनं बघितली असेल का? नात घरी येऊन सांगत होती, आपली गाडी म्हशीसारखी बसली.

वि. नं नुसती दोरी गुंडाळून ठेवली. बोलला असता तर बरं.

१४ नोव्हेंबर

ठाणे. इंजिन उघडून ठेवलेलं बघवेना. तिथला साहेब पोरगेला आहे पण माणूस चांगला, मला खुर्ची दिली. बोट तेलात बुडवून दाखवलं. म्हणाला, काका, ह्या इंजिनाच्या वाटा बारीक असतात, असलं जाड तेल वेळेवर पोचत नाही. बेअरिंगं खाल्ली. तेल आमचं नाही, म्हणजे गॅरंटी संपली. मग खर्चाचा आकडा सांगितला. वि. नं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता परत ठेवला. हप्ते चालू, त्यात हे.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, एक वाट आहे. मालकाच्या नकळत बाहेरच्या माणसानं उघडली असं लिहून द्या, त्याचं नाव-गाव घाला. मग वरचे लोक विचार करतात.

वि. एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही ठरवा."

मी पेन मागितलं.

१५ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिवलं नाही.

क्लीनर होतो तेव्हा मैलांच्या दगडांवरनं अक्षरं शिकलो. याकूब शिकला नाही. त्याचा रेशनकार्डाचा अर्ज, गॅरेजच्या जागेचा अर्ज, महाडला दिलेल्या मुलीला दर ईदेचं पत्र, सगळं माझ्या अक्षरात. तो बोलतो, मी लिहितो, वाचून दाखवतो, तो अंगठा उठवतो. आता त्याच्या विरुद्धचा कागदही माझ्याच अक्षरात. 'मला न विचारता.' हे तीन शब्दही नेहमीसारखेच वळणदार उतरले, ह्याचंच वाईट वाटतंय.

२३ नोव्हेंबर

भात झोडून झालं, कडावहून नवा तांदूळ आला. चांगला आहे. जेवण गेलं नाही.

शिळफाट्यावरून एस्टी गेली तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसलो.

४ डिसेंबर

कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. वि. नं वाचून सांगितलं. त्यांचा माणूस पंधरा तारखेला शिळफाट्याला येणार, मिस्त्रीचा जबाब घेणार. त्यानं कबूल केलं तर इंजिन कंपनी करून देणार.

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला वाटलं होतं, कागद ठाण्याला जाईल आणि ठाण्यालाच राहील.

शिळफाट्याला ड्रायव्हर लोक याकूबकडे चावी टाकून जेवायला जातात, कोणी झोपतात. न विचारता गाडी उघडणारा मिस्त्री म्हटल्यावर कोण टाकेल?

७ डिसेंबर

आज गेलो. सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, त्यामुळे त्याचं तोंड दिसलं नाही. टोपी दिसत होती, दसऱ्याची, तेलकट झालेली.

बराच वेळ पाना पुसत होता. मग विचारलं, माझ्याच तेलानं झालं का? मी म्हटलं, छे, गाडीच कच्ची निघाली. म्हणाला, "किसन, खोटं बोलताना तू नाक खाजवतूस. आदीपासनं."

मग कागद वाचून दाखव म्हणाला. नक्कल खिशात होती. वाचली. मुलीचं पत्र ऐकतो तसाच डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "माजं नाव बराबर लिवलंस ना? मागं रेशनकार्डावर चुकलं हुतं."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"मग झालं. असंच बोलंन मी. पोराच्या डोक्यावर कर्जाव कर्ज नको. तू मात्र त्या दिवशी हितं येऊ नको. तू समोर असलास की मला हसू यील."

चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

११ डिसेंबर

विलासच्या आईला आज सांगितलं. तिला वाटत होतं, गाडी नुसती बिघडली. तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, नातीच्या बारशाला वाटी कोणी आणली होती आठवतंय का. मी म्हटलं, याकूबनं.

गाडीची जागा रिकामी आहे. सकाळी सवयीनं फडकं घेऊन बाहेर गेलो आणि तसाच आत आलो.

१४ डिसेंबर

उद्या. थंडी वाढली आहे.

वि. पाळीवरून आला आणि माझ्यासमोर बसला. विचारलं, तुम्ही उद्या जाणार का? मी सांगितलं, याकूबनं येऊ नको म्हटलंय. म्हणाला, "याकूबचाचांचं नाही, मी तुमचं विचारतोय." मी म्हटलं, इंजिनाचं काय मग? म्हणाला, गाडी उभी राहील. लोक चालतातच की. पण हे म्हणताना गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. नातीला त्यानं मे महिन्यात महाबळेश्वर कबूल केलंय.

विलासच्या आईनं न सांगता पांढरा सदरा काढून खुंटीला लावला आहे. खिशात पेनही घातलंय.

नरसाळं मी धरलं होतं. सांगायचं झालं तर एवढंच सांगायचं आहे. याकूब म्हणेल, ह्या म्हाताऱ्याचं ऐकू नका, ह्याला काय ठावं नाय. आणि हसेल. त्याच्या हसण्यापुढे माझा आवाज फुटेल की नाही, कोण जाणे.

पहिली एस्टी धरली तर कंपनीचा माणूस यायच्या आत पोचतो. पोचलो, तर याकूबच्या आधी मी बोलायचं.