तेल तपासायची वेळ

शनिवार, १२ ऑक्टोबर

आणली! तळ्यापलीकडच्या गिलरॉयच्या बंद पडलेल्या गॅरेजमधली दिव्याची पाटी. मधोमध घड्याळ, भोवती निऑनच्या नळीचं कडं, खाली लाल अक्षरं — ‘तेल तपासायची वेळ झाली’. कुणी घ्यायलाच तयार नव्हतं म्हणे. गिलरॉयच्या मुलाने माझं अर्धवट खोललेलं बोटीचं इंजिन घेतलं आणि पाटी दिली. आपल्या घरच्या गॅरेजमध्ये लावणार. नाहीतरी पाहुणे तिथेच बसतात.

आर्डिस खिडकीतून बघत होती. बाहेर आली नाही. बायको बाहेर येऊन बोलली तर निभावतं, न आली तर कठीण.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मागचा पत्रा उघडला. आत उंदराचं घरटं आणि मेलेल्या गांधीलमाश्या, वाडगाभर. नॉर्बर्ट शेजारून खुर्ची घेऊन आला, मदतीला. त्याची मदत म्हणजे बिअर पिणं आणि अधूनमधून “तिथे नको” म्हणणं. कुठे हवं ते सांगत नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

वायरी बदलल्या. एक झटका बसला. आर्डिसला सांगितलं नाही. जेवताना तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, उरलेले चार केस असे का उभे आहेत?

रविवार, २० ऑक्टोबर

पेटली! निळं कडं आधी थरथरलं, मग स्थिर झालं. गॅरेजभर निळा उजेड. काटेही फिरायला लागले — पण उलटे. नॉर्बर्ट म्हणाला, “असेच बसून राहू. संध्याकाळपर्यंत दोघंही तरुण.” जुन्या घड्याळांतल्या या विजेच्या मोटारी हाताने ढकलून सुरू कराव्या लागतात, आणि उलटी ढकलली की उलटीच पळते. परत ढकलली. सुलट झाली.

उजेड बघून आर्डिस आली. किती दिवसांनी तिने गॅरेजमध्ये पाऊल टाकलं! आत अर्धी होडी, अर्धा पियानो, अर्धं गवत कापायचं यंत्र. तिची गाडी बाहेर, काचेवरचं बर्फ रोज सकाळी खरवडायचं.

“व्हर्लिन, पुरी केलेली एक गोष्ट दाखव मला.”

मी म्हणालो, आपला संसार.

“तो मी केला.”

नॉर्बर्टला ठसका लागला.

मग तिने निकाल दिला. तीन नोव्हेंबरच्या रविवारी आपण चर्चमधून परत येऊ, तेव्हा घड्याळ बरोबर चालत असेल तर ते राहील. नाहीतर चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला जाईल. मी हो म्हणालो. साक्षीदार नॉर्बर्ट.

शनिवार, २६ ऑक्टोबर

चालतंय. टिकटिक नाही, बारीक गुणगुण. दिवसातून किती वेळा बघून येतो ते लिहीत नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाटी भिंतीवर चढवली. उद्या परीक्षा.

आज रात्री, दर वर्षी हिवाळ्याआधी करतात तशी, देशभर घड्याळं एक तास मागे. गेल्या वर्षी मी विसरलो होतो आणि चर्चला तासभर आधी पोचून झाडूवाल्याशी हवापाण्यावर बोलत बसलो. अजून गाव हसतं. या वर्षी जेवण झाल्याबरोबर शिडी लावली आणि काटा मागे केला. कळ अगदी वर आहे, शेवटच्या पायरीवर चढावं लागतं. उन्हाळ्यात आर्डिसचा गुडघा बदलला, तेव्हापासून तिला शिडीची बंदी आणि मला तिचा हुकूम: तूही चढायचं नाहीस. ती फोनवर बहिणीशी बोलत होती. चढलो, उतरलो. कुणाला सांगितलं नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

गेलं सगळं.

चर्चमधून आलो. नॉर्बर्ट सॉसेज भाजायला बरोबरच होता. दार वर उचललं. फोनमध्ये साडेदहा, घड्याळात साडेआठ! पूर्ण दोन तास मागे. निळं कडं झोकात पेटलेलं.

नॉर्बर्टचे कान लाल. चर्चला निघण्याआधी गुपचूप येऊन त्याने एक तास मागे केला होता. “तू दर वर्षी विसरतोस ना! वाटलं, तुझी लाज राखावी.” चिडणार तरी कसं? बरं, मी केला तो बरोबरच होता; जास्तीचा एक तास त्याचा. दुसरा? दोनदा फिरवलंस का, म्हणून विचारलं. आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. म्हणजे मोटारच गेली. एका रात्रीत तासभर मागे पडणारं घड्याळ काय कामाचं?

आर्डिस टोमणा मारेल म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. ती नुसतं बटाटे सोलायचेत म्हणाली आणि आत गेली.

वाईट वाटलं. इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं. एकदा तरी तिला पुरं झालेलं काहीतरी दाखवायचं होतं.

सोमवार, ४ नोव्हेंबर

पाटी उतरवून गोधडीत बांधली. नॉर्बर्ट म्हणतो, आठवडाभर मुदत माग. मी नाही म्हणालो, शब्द दिलाय. उद्या चर्चचा ट्रक येतो.

आर्डिसने दिवसभर एकदाही टोमणा मारला नाही. रात्री मला आवडतात ते चीज घालून भाजलेले बटाटे केले, आणि न मागता दुसऱ्यांदा वाढले. तिला बहुतेक बरं नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

ट्रक आला. चर्चच्या दोघांनी पाटी उचलली, तशी आर्डिस घरातल्या सपातांवरच बाहेर आली. त्यांना म्हणाली, खाली ठेवा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तो दुसरा तास माझा. तू झोपल्यावर मीच मागे केला, तू विसरशील म्हणून. शिडीबद्दल एक अक्षर विचारायचं नाही.”

विचारलं नाही.