बिनकानाचा कप

मंगळवार, ९ जुलै

नोंद करून ठेवतो, पुढेमागे चौकशी झालीच तर कामाला येईल — आज सकाळी सात वाजता मला कॉफी मिळाली नाही.

सारायेव्होला वेढा पडला होता तेव्हा मिळाली होती. मसूर भाजून, दळून, उकळून केलेली असेल, पण सात वाजता, बाल्कनीत, फिल्जानच्या इवल्या कपात. समोरच्या डोंगरावरून गोळे पडायचे, हातातला फिल्जान हिंदकळायचा नाही. बायको मला सोडून स्वीडनला गेली त्या दिवशीसुद्धा आधी माझी कॉफी झाली, मग तिची टॅक्सी आली. आणि आज साडेसहा किलोच्या एका जिवाने हा नेम मोडला! नाव इल्मा. वय साडेपाच महिने. ती माझी नात लागते. मी तिचा कोण लागतो, तो शब्द अजून तोंडातून काढलेला नाही, काढणारही नाही. मी पंचावन्नचा आहे.

हकिकत अशी. लामियाचं — म्हणजे माझ्या मुलीचं — अपेंडिक्स रविवारी फुटलं. ऑपरेशन झालं. पोटात पू झालाय, ताप आहे, आठवडाभर तरी सोडणार नाहीत. औषधं अशी जहाल, की ती संपेपर्यंत अंगावर पाजायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. जावई ट्रक घेऊन नॉर्वेच्या कुठल्याशा टोकाला गेलाय. राहिलो मी.

पावडरचं दूध आहे. बाटल्या आहेत. लामियाने दवाखान्यातून पाठवलेल्या सूचना आहेत. फक्त इल्मा बाटली घेत नाही. बाटली जवळ नेली, की ओठ असे मिटते, जणू नगरपालिकेला कुणी जमिनींचा हिशेब विचारलाय.

बुधवार, १० जुलै

औषधांच्या दुकानातून चार तऱ्हेची निपलं आणली. एक रबराचं, एक सिलिकॉनचं, एक चपटं आणि एक, ज्याच्या खोक्यावर ‘अगदी आईसारखं’ असं छापलंय. ते तिने सगळ्यांत लांब थुंकलं. फसवणूक तिला खपत नाही. हा गुण आमच्या घराण्यातला नव्हे.

चमच्याने पाहिलं. थोडं पोटात, बाकीचं मानेच्या वळ्यांत.

दुकानातली मुलगी म्हणाली होती, आईचा कपडा अंगात घाला, वासाने फसेल. घातला. लामियाचा फुलाफुलांचा गाऊन, माझ्या पोटावर बटणं लागेनात. नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात रझिया.

रझिया म्हणजे वरच्या मजल्यावरची. साठी ओलांडलेली विधवा, आणि अख्ख्या इमारतीचं भविष्य-खातं. कॉफी पिऊन झाली की कप बशीवर पालथा घालायचा, गाळ ओघळतो, त्या रेघोट्यांत ही बाई प्रवास, लग्नं आणि कोर्टाच्या तारखा बघते. अकरा वर्षं माझा कप मागतेय. मी शेवटचा घोट घेतला, की थेट नळाखाली धरतो. तिच्यादेखत. पाण्याचा आवाज मुद्दाम मोठा.

गाऊनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “रंग खुलतोय तुला.” मग एवढी का रडतेय पोर, म्हणून विचारलं. दात येत असतील म्हणालो आणि दार लावलं.

संध्याकाळी लामियाचा फोन. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“पीते का?”

“पीते.”

काय सांगणार? मुलगी माझी आहे, मी तिला ओळखतो. खरं सांगितलं तर हातातली सुई उपटून ट्राम पकडून घरी येईल. तापासकट.

गुरुवार, ११ जुलै

आरोग्यकेंद्रातून सिस्टर वेस्ना आली. इल्माचं तोंड बघितलं, टाळूवर बोट फिरवलं, कातडीला हलका चिमटा काढला, मग डायपर हातात घेऊन तोललं, बाजारात भोपळा तोलावा तसं. चेहरा आवडला नाही मला तिचा.

“हलकं आहे,” म्हणाली. “उद्या दुपारपर्यंत असंच राहिलं तर वाट बघत बसू नका. घेऊन या, सलाईन लावावं लागेल.”

कुठे, विचारलं. त्याच दवाखान्यात. मुलांचा विभाग लामियाच्या बरोबर खाली. म्हणजे इल्मा रडली की वर ऐकू जाणार, आणि लामिया तो आवाज शंभरांत ओळखेल.

सिस्टर गेली. मी बाल्कनीत बसलो. कॉफी केली — साडेअकरा वाजता! अशी अधोगती. इल्माला खाली ठेवलं की किंचाळते, म्हणून मांडीवर. मी फिल्जान उचलला, तिची नजर उचलली. मी तोंड उघडलं, तिनेही उघडलं. मी प्यायलो, ती गिळली. काहीच नव्हतं तोंडात, तरी गिळली. मग एकदम झेपावून दोन्ही हातांनी कप धरला.

“तो माझा आहे,” मी म्हणालो. एका तान्ह्या पोरीला, गंभीरपणे.

खरंच माझा होता. कॉफीचा इवलासा कप, त्याला कान नाही. घरात कान नसलेला तो एकटाच, आणि माझं ऐकणाराही तो एकटाच.

मग डोक्यात उजेड पडला. कॉफी ओतून दिली (हेही लिहून ठेवतो), कप उकळत्या पाण्याने धुतला, कोमट दूध घातलं, तिला सरळ बसवून ओठाला लावला. मांजराच्या पिलासारखी जीभ बाहेर आली. लपलप. हनुवटीवर ओघळ. पुन्हा लपलप. मग थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा लावला तर तोंड बंद.

मला काही कळेना. घसा कोरडा पडला म्हणून मी माझ्यासाठी पाण्याचा ग्लास उचलला, आणि ही प्यायला लागली. मी थांबलो, ती थांबली. मी घोट घेतला, तिने घेतला.

एकटीने पिणार नाही तर! बरोबर आहे. ह्या गावात एकट्याने कोण पितं? मी सोडून.

शुक्रवार, १२ जुलै

डायपर जड! आजवर किती निवडणुकांचे निकाल रात्रभर जागून ऐकले, एकाही निकालाने इतका आनंद दिला नाही.

वेस्नाला फोन केला. ती म्हणाली, “ओतू नका हं. कप ओठाला टेकवून थांबा, ती आपली आपण ओढेल. अजून वाढवा मात्र, हे पुरेसं नाही.” सलाईनचं उद्यावर गेलं.

दुपारी चारला इल्माने माझा फिल्जान बाल्कनीतून खाली टाकला. तीस वर्षांचा. वेढ्यातून वाचलेला. इमारत समितीच्या अध्यक्षाच्या गाडीवर फुटला, एवढंच समाधान.

मग आमची उतरण सुरू झाली. चहाचा मग — तिचं नाकच बुडालं. काचेचा ग्लास — चावली, काढून घेतला. धावत बाजारात जाऊन पर्यटकांसाठी तांब्याच्या कोंदणात बसवलेला फिल्जान आणला. काठ बोटाएवढा जाड. तिने एकदा तोंड लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला लाज वाटली. बरोबर पाणी पिऊन दाखवलं, लिंबू सरबत पिऊन दाखवलं, काही उपयोग नाही.

सहाच्या सुमारास रडली. आवाज होता, डोळे कोरडे होते.

तिला उचललं आणि वर गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा रझियाच्या दाराची बेल मी वाजवली. रझियाने माझं तोंड पाहिलं, पोरीचं पाहिलं, दातांबद्दल काही विचारलं नाही. कपाटातून तीन फिल्जान काढले, तिच्या आईचे, अंड्याच्या कवचाइतके पातळ.

“फुटला तर?” मी म्हणालो.

“तर एक कमी होईल. पण एक सांगते, फेहिम. पोर ह्यातून पार पडली, की तुझा कप मला बघायला द्यायचा. न धुता.”

देतो म्हणालो. त्या क्षणी किडनी मागितली असती तरी देतो म्हणालो असतो.

ती आमच्याबरोबर खाली आली. बाल्कनीत तिघं. रझियाने स्वतःसाठी कॉफी ओतली, माझ्यासाठी ओतली, इल्माला दूध, आणि पाहुण्याला आग्रह करावा तसा आग्रह. “घ्या हो बाईसाहेब, संकोच करू नका. आमच्याकडचं गोड लागत नाही का? बघा, फेहिमसुद्धा पितोय, आणि त्याला तर काहीच आवडत नाही.” काठ पातळ होता. बाईसाहेबांनी घेतलं. लपलप, लपलप. एक कप, दुसरा कप, तिसऱ्यातलं थोडं.

मग रझियाने तो दुधाचा कप बशीवर पालथा घातला. सवय! बशीत पांढरं तळं साचलं.

“अर्धा टाकलाय पाहुण्यांनी,” ती म्हणाली. तळ्याकडे बघून मान हलवली. “प्रवास दिसतोय.”

“डायपरपर्यंतचा,” मी म्हणालो.

पण बशीची युक्ती मला पटली, हे इथे कबूल करतो, तिला सांगणार नाही. किती पोटात गेलं ह्याचा अंदाज फडक्यावरून येत नाही, बशीवरून येतो.

शनिवार, १३ जुलै

डायपर जड. सलाईन रद्द. वेस्ना म्हणाली, असंच चालू द्या.

छाती धडधडतेय. पोरीची नाही, माझी. दर दुधाला एक कॉफी सोबत म्हणजे माणूस मरेल. आता मी आणि रझिया कोमट पाणी पितो आणि ‘वा, काय कॉफी झालीय’ असं म्हणतो. इल्माला अजून संशय आलेला नाही.

लामियाला फोटो पाठवला, पोर खुशीत दिसतेय म्हणून. हातातल्या फिल्जानकडे माझं लक्षच गेलं नाही. दोन मिनिटांत फोन.

“बाबा, तुम्ही तिला कॉफी पाजताय?”

दूध आहे म्हणून सांगितलं. हसली, टाके दुखतात म्हणाली, मग हसणं थांबलं.

“म्हणजे बाटली घेतच नव्हती.”

“नव्हती.”

“आणि तुम्ही रोज पीते म्हणत होतात.”

“आता पीते,” मी म्हणालो. ह्यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नाही. अख्ख्या मंत्रिमंडळाची खिल्ली उडवतो मी दर आठवड्याला, पेपरात, छापून.

रविवार, १४ जुलै

बशी कोरडी!

सोमवार, १५ जुलै

संपादकाचा फोन, लेख कुठाय. सांगितलं, पाहुणे आहेत.

आज मी तिला “ये, आजोबांकडे ये” असं म्हणालो. साक्षीदार कुणी नव्हतं.

बुधवार, १७ जुलै

लामिया घरी आली. गालफडं बसलीत, पण ताप नाही. औषधं संपली, पाजायला परवानगी मिळाली. दूध आटू नये म्हणून दवाखान्यात दिवसभर काढून बेसिनमध्ये ओतत होती म्हणे. ह्या क्षणासाठी. रझिया वरून लोकुमची बशी घेऊन आली, तोंड गोड करायला.

लामिया खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. पोर छातीशी घेतली.

इल्माने वास घेतला. तोंड वळवलं. आणि हात लांब केला, टेबलाकडे, फिल्जानकडे.

पुन्हा घेतली. पुन्हा तेच. मग पाठीची कमान करून रडायला लागली. लामियाने बटणं लावली, सावकाश, एकेक.

“बाबा, ती माझ्याकडे पाहुण्यासारखं बघतेय.”

रझियाने लोकुम ठेवले आणि न बोलता वर गेली. ती न बोलता गेली, ह्यावरून समजा.

शेवटी भुकेने कळवळली म्हणून मीच स्वयंपाकघरात नेऊन कपाने पाजलं. सगळं संपवलं. भिंतीपलीकडे लामिया ऐकत होती. घोट मोठा वाजतो हिचा. यश म्हणावं तर हेच, आणि इतकं वाईट मला कुठल्याच यशाचं वाटलेलं नाही.

वेस्ना फोनवर म्हणाली, उपाशी ठेवू नका, घाई करू नका. सकाळी अर्धवट झोपेत असताना आईने उघड्या अंगाशी घ्यावं. आणि ते कप नजरेआड करा. सगळे. पिणारेसुद्धा.

पिणारेसुद्धा म्हणजे मी.

गुरुवार, १८ जुलै

सात वाजता कॉफी केली आणि जिन्यावर येऊन बसलो. दार लावून घेतलं. रझियाचे दोन कप पिशवीत, तिसऱ्यात माझी कॉफी. आत इल्मा रडत होती. लामिया काहीतरी पुटपुटत होती. रडणं वाढलं. मी फिल्जान हातात धरून तसाच.

मग आवाज थांबला.

दाराला कान लावला. घोट. मोठा. दुसरा. लामियाचा आवाज नाही, फक्त नाक ओढल्याचा.

कॉफी गार झाली होती, प्यायलो. नळ जवळ नव्हता.

वर गेलो. शेजारणीचं भांडं आमच्यात रिकामं परत करत नाहीत. पिशवी तिच्या हातात दिली, तिसरा कप तिच्या टेबलावर, बशीवर पालथा घालून पुढे सरकवला. ती चष्मा शोधायला आत गेली.

मी थांबलो.